बांध थोडा डावीकडं घ्या

सांगलीतल्या कुठल्याही कलामंडळाच्या बैठकीत खरे विषय दोनच असतात: मागच्या कार्यक्रमाची उधारी आणि पुढच्या कार्यक्रमाची वर्गणी. मंडपवाला, साउंडवाला आणि नाश्तावाला यांचे आकडे वाचून झाले की खजिनदार चष्मा काढून ठेवतो, पुढचे आकडे दिसू नयेत म्हणून. मग कुणीतरी म्हणतं, "या गावाला नाट्यपंढरी म्हणतात हो, आणि आपल्याला नवा पडदा शिवायला पैसे नाहीत!" इथून बैठक जी इतिहासात शिरते, ती चहा आल्याशिवाय बाहेर पडत नाही.

इतिहास आहेही तसा. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं, ते संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या इच्छेनं आणि आश्रयानं. पावतीपुस्तक नाही, हँडबिलावर 'सौजन्य' नाही, मध्यंतरात देणगीदारांचे सत्कार नाहीत. 1851 मध्ये अप्पासाहेब गेले, दरबाराचा हात आखडला आणि भावे आपली मंडळी घेऊन गावोगाव निघाले. 1853 मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. अनुदान बंद पडल्यामुळं मराठी कलेचा झालेला हा पहिला फायदा. दुसरा अजून कुणाच्या नोंदीत नाही.

निधीसाठी कला हेही इथलंच. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाकरता बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी 'संयुक्त मानापमान' केलं आणि एका रात्रीत सोळा हजारांवर रुपये उभे राहिले. नाटक लिहिणारे खाडिलकर सांगलीत जन्मलेले, बालगंधर्वांचं मूळ गाव कृष्णाकाठचं नागठाणे. म्हणजे माल बराचसा सांगलीचा आणि सौदा मुंबईत. हळदीचं नेमकं उलटं चालतं. माल परराज्यांतूनसुद्धा येतो आणि सौदा सांगलीत होतो.

तर समजा, अशाच एखाद्या मंडळानं ठरवलं की यंदा नाटक नको, लकी ड्रॉ नको, ऑर्केस्ट्रा तर नकोच. गावाच्या लाडक्या मळ्यात एका रविवारी दहा-पंधरा चित्रकार बसवायचे, त्यांनी मळा रंगवायचा, चित्रांचं प्रदर्शन भरवायचं आणि विक्रीतून येतील ते पैसे मुलांच्या नाट्यशिबिराला द्यायचे. युरोप-अमेरिकेत असे उपक्रम नेमानं होतात. सांगलीत गाडी पहिल्याच शब्दापाशी अडते, कारण लाडका मळा कुठला, यावर ठराव होत नाही. अध्यक्षांचा मळा मिरजेकडं, उपाध्यक्षांचा तासगावकडं, आणि दोघांचाही आपापल्या मळ्यावर जीव. खजिनदाराच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. तेव्हा हा माणूस निःपक्षपाती म्हणून निवड त्याच्यावर सोपवली जाते आणि तो सासऱ्याचं रान सुचवतो.

मग चित्रकारांना बोलावून पिकाबद्दल विचारलं जातं. त्यांची तोंडं वाकडी होतात. सांगली-साताऱ्याच्या चित्रकाराला निसर्गचित्र म्हटलं की वाई आठवते, मेणवली आठवते. कृष्णेचा घाट, पायऱ्यांवर सकाळचं ऊन, पाण्यात देवळाची सावली. पिढ्यान् पिढ्या चित्रकारांनी तिथं स्टूल टाकलं, तोंड घाटाकडं करून आणि पाठ शेताकडं करून. घाट कापणीला येत नाही, ही त्याची मोठी सोय.

उसाची अडचण वेगळीच. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावला की पुढं जवळपास दीड वर्ष रानात उभा असतो आणि माणसाच्या दुपटीनं वाढतो. त्याच्यासमोर बसलं की क्षितिज गेलं, आभाळाची नुसती पट्टी उरली, बाकी सगळी हिरवी भिंत. तीन ट्यूब हिरवा रंग संपवून चित्रकार घरी येतो आणि बायको विचारते, "पडदा रंगवलाय का?" द्राक्षबाग त्या मानानं रेखीव, पण मांडवाखाली मान मोडते आणि वर प्लॅस्टिकचं आच्छादन असलं तर चित्र बागेचं आहे की गोडाउनचं, हे खाली लिहावं लागतं. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण बेदाण्याचं शेड म्हणजे चारी बाजूंनी जाळी, आत जाळ्यांवर जाळ्या. सोनं खरं, पण रंगवायचं कसं?

उरली हळद. मंडळातल्या प्रत्येकाला हळदीचं शेत पिवळंधमक दिसतं. ज्यांनी ते पाहिलंय त्यांनासुद्धा. शेत असतं हिरवं, कर्दळीसारख्या रुंद पानांचं. पिवळं जे काही आहे ते जमिनीखाली. आणि पानं वाळून काढणीची वेळ येते तेव्हा वर उरतो तो मातकट तपकिरी पाचोळा. पूर्वी हरिपुरात तर काढलेली हळदसुद्धा पुन्हा जमिनीखालीच जायची, पेवांमध्ये. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावी, जिथं नाटककार गोविंद बल्लाळ देवल जन्मले, व्यापाऱ्यांची लाखोंची हळद पायाखाली पुरलेली असे आणि वर दिसायची सपाट माती. 2005 च्या महापुरानं त्या पेवांचं फार नुकसान केलं. हरिपूर रंगवायला बसलेल्या चित्रकारानं चिंचेची झाडं आणि संगमेश्वराचं देऊळ काढून निघून जावं, त्याच्या स्टुलाखाली गावाची सगळी श्रीमंती असावी, असा तो प्रकार होता.

समितीचा आग्रह मात्र कायम. "थोडं पिवळं टाका हो. सांगली म्हटल्यावर लोक पिवळं बघायला येतात."

लोकांच्या डोक्यातलं शेत कुठून आलेलं असतं, हे शोधायला लांब जायला नको. शाळेत प्रत्येकानं ते काढलंय: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा अर्धा सूर्य, कौलारू घर, वळण घेत येणारी नदी, कडेला नारळाची झाडं आणि आभाळात चाराच्या आकड्याचे पक्षी. सांगलीच्या पोरानं नारळाची रांग पाहिलेली असते ती गणपतीपुळ्याच्या सहलीत, तरी तो नारळच काढतो. उसाचा ट्रॅक्टर रोज शाळेच्या दारावरून दोन ट्रॉल्या ओढत जातो, तो कुणाच्याच वहीत जात नाही. पुढं हीच मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांना बसतात, कारण इंटरमिजिएटच्या ए श्रेणीला दहावीत सात गुण वाढतात, बीला पाच आणि सीला तीन. महाराष्ट्रात चित्रकलेला अजूनही घरोघरी मान आहे, त्यात या सातांचा वाटा मोठा आहे.

असो. रविवार उजाडतो. चित्रकार सासऱ्याच्या रानात पोचतात, बोर्डाला कागद लावतात, पाण्याचे डबे भरतात. अर्ध्या तासात त्यांच्यामागं माणसं उभी राहतात. चित्र बघण्याची आपल्याकडची पद्धत अशी की बघणारा चित्राकडं एकदा बघतो आणि शेताकडं चारदा. जमाखर्च जुळतोय का, ते तपासतो.

"रान काढताय व्हय, सर?"

"होय, तात्या."

"मग मोटर कुठं हाय?"

चित्रकार नम्रपणे सांगतो की विहीर घेतलीय, मोटर नाही घेतली. तात्या गप्प होतात. साडेसात हॉर्सपॉवरची मोटर, मागच्या वर्षी रिवाइंडिंग केलेली, तिच्याशिवाय या रानात एक कांडं हिरवं राहिलं नसतं. आणि चित्रात विहिरीवर लोंबणारी वेल आहे, जी तात्यांनी कधी पाहिलेली नाही. डांबही गायब. तारा गायब. बांधावरचा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स गायब, हे एक ठीक. रात्रपाळीची लाइट आली की ज्या पेटीपाशी बॅटरी घेऊन जायचं ती पेटीही नाही. तात्यांच्या दृष्टीनं चित्रातलं शेत दोन आठवड्यांत वाळून जाणार.

तात्यांचा धाकटा अधिक आधुनिक. तो खिशातून फोन काढतो. राज्यात 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं आपल्या पिकाचा फोटो आपणच रानात उभं राहून ॲपवर चढवायचा, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची नोंद होते. महाराष्ट्रात शेताचं चित्र काढण्याचा याहून मोठा उपक्रम झालेला नाही आणि त्यात कुणी कुणाला 'वा' म्हटलेलं नाही. धाकटा आपला फोटो चित्राशेजारी धरतो. "आमच्यात अक्षांश-रेखांश येतंय. तुमच्यात येतंय का?"

येत नाही. चित्रकलेची ही उणीव मान्य करावी लागते.

इतक्यात शेजारच्या रानातून आणखी एक गृहस्थ येतात. ते तात्यांचे चुलतभाऊ, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, आणि दोन घरांत बोलणं नाही. ते कुणाशी न बोलता सरळ चित्रापुढं येतात, मान तिरकी करून बघतात आणि चित्रकाराला म्हणतात, "सर, बांध थोडा डावीकडं घ्या."

चित्रकार सांगतो की बांध मुद्दाम उजवीकडं घेतलाय, नाहीतर रचना तोलात बसत नाही.

"रचना तुमची. मोजणी सरकारी हाय."

शहरातल्या माणसाला शेत म्हणजे देखावा. गावात त्याला गट नंबर असतो, पोटहिस्से असतात, विहिरीतली पाळी असते, वहिवाटीची वाट असते आणि त्या वाटेवरून कोर्टात गेलेल्या तारखा असतात. झाडसुद्धा नुसतं झाड नसतं. ते बांधावर कुणाच्या बाजूला आहे यावर त्याच्या आंब्यांची वाटणी ठरते. चित्रकारानं आंबा सुंदर दिसतो म्हणून दोन हात सरकवला, तर त्यानं एका घराचं लोणचं दुसऱ्या घरात नेलेलं असतं. मोठमोठ्या समीक्षकांनी निसर्गचित्रावर ग्रंथ लिहिले, पण तलाठ्याच्या नजरेनं चित्र तपासण्याची शाखा अजून सुरू व्हायची आहे.

चित्रकारांचं म्हणणंही ऐकायला हवं. त्यांना शेत थांबून हवं असतं आणि शेत थांबत नाही. क्लोद मोनेनं 1890-91 मध्ये फ्रान्समधल्या जिव्हेर्नी या आपल्या गावी, शेजारच्या शेतातल्या गव्हाच्या गंजी पुन्हा पुन्हा रंगवल्या, सकाळच्या, संध्याकाळच्या, बर्फातल्या. त्यातलं एक चित्र मे 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 11 कोटी 7 लाख डॉलरना गेलं. त्या वेळच्या दरानं साडेसातशे कोटी रुपयांच्या वर. तासगाव-कवठेमहांकाळच्या वाटेवर तशा कडब्याच्या गंजी पैशाला पासरी उभ्या असतात, आणि त्या गंजीचा मालक ही किंमत ऐकून पहिला प्रश्न विचारतो तो असा: "वैरणीसकट?" याच मोनेनं 1891 मध्ये नदीकाठचे पॉप्लर रंगवायला घेतले आणि शेजारच्या गावानं ती झाडं लिलावात काढली. चित्रं अर्धवट. शेवटी त्यानं लाकूडव्यापाऱ्याला पैसे भरले, झाडं काही काळ उभी ठेवायला लावली आणि चित्रं पुरी केली.

सांगलीत हा मार्ग बंद आहे. ऊस उभा ठेवायला सांगायचं कुणाला? तोड कधी येणार हे मालकाच्या हाती नसतं. तो कारखान्याच्या शेती ऑफिसला फेऱ्या मारतो, चिटबॉयला चहा पाजतो, टोळीच्या मुकादमाला फोनवर 'भाऊ, भाऊ' करतो. आणि मग एका सकाळी, चित्रकारानं दुसऱ्या बैठकीसाठी रंग कालवून वर पाहावं तर कोयत्यांचा खडखडाट सुरू असतो, दुपारपर्यंत हिरवी भिंत ट्रॉलीत बसून कारखान्याकडं निघते आणि समोर नुसतं पाचट. मालकाच्या चेहऱ्यावर महिन्यांनी आलेलं हसू बघून त्याला 'अजून दोन दिवस' म्हणण्याची हिंमत मोनेलाही झाली नसती.

रंगांवरूनही वाद होतात. तात्यांना चित्रातला हिरवा मंजूर नाही. "ह्यो युरिया घातलेला हिरवा हाय. आमचा शेणखताचा." यावर हसू येतं, पण रंग ओळखण्याच्या प्रश्नानं या जिल्ह्याचा नकाशा बदललाय. लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचं होतं. 1885 मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. रेषा उत्तम, पण काही रंग त्यांना नीट वेगळे दिसत नव्हते. दृष्टीतच तो दोष होता. कुंचला ठेवून ते यांत्रिक रेखाटनाकडं वळले आणि ते शिकवूही लागले. पुढं त्यांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडानं माती विषारी होते, असं म्हणून शेतकरी त्याला हात लावायला तयार नव्हते. गिऱ्हाइकं मिळायला दोन वर्षं लागली. चित्रकार राहिले असते तर लक्ष्मणरावांनी फार तर शेतं रंगवली असती. रंग दिसेनात म्हणून त्यांनी ती नांगरायचं साधन दिलं. बांधाची जागा मात्र त्यांनाही हलवता आली नाही.

या गोष्टीचा खरा रंगतदार भाग पुढं आहे. बेळगावातली कारखान्याची जागा नगरपालिकेनं घेतल्यावर लक्ष्मणरावांना नवं ठिकाण हवं होतं. ते दिलं औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. 1910 मध्ये कुंडलजवळचं 32 एकर माळरान आणि वर दहा हजार रुपये कर्ज. त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आणि बाळासाहेब कोण? स्वतः चित्रकार. संस्थान लहान, तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं. पण राजानं रामायणाचे प्रसंग रंगवून 1916 मध्ये 'चित्र रामायण' छापलं, प्रजेला सूर्यनमस्कार घालायला लावले आणि 1938 मध्ये औंधच्या डोंगरउतारावर संग्रहालय बांधलं, ज्यात राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत सगळं आहे. वेदांचे पंडित आणि आधी चित्रकार असलेले श्रीपाद दामोदर सातवळेकर याच औंधात जवळजवळ तीस वर्षं राहिले. त्यांचा मुलगा माधव सातवळेकर पुढं मोठा चित्रकार झाला. कलेला मदत कशी करावी यावर हल्ली चर्चासत्रं होतात. एका चित्रकार राजानं चित्रकला सोडलेल्या माणसाला नापीक जमीन दिली, ही मदत कुठल्या रकान्यात घालायची, हे त्या चर्चासत्रांना सांगता येणार नाही.

औंध संस्थानच्या आणखी एका जमिनीचं चित्र तर जगभर फिरलं, फक्त ते कुंचल्यानं काढलेलं नव्हतं. 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंत नाही, कैदी आपापलं शेत कसतात. आटपाडीशेजारच्या माडगूळचे गदिमा यांनी त्यावरून कथा लिहिली, व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला, बैलाशी झुंजताना डोळ्याला इजा करून घेतली आणि 1958 मध्ये चित्रपटानं बर्लिनहून रुपेरी अस्वल आणलं. बर्लिनच्या परीक्षकांनी बांधाची चौकशी केल्याचं ऐकिवात नाही.

तर, प्रदर्शन. सभागृह मिळतं, तळमजल्यावरचं. लगेच कुणीतरी 2019 ची आठवण काढतं, जेव्हा आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती, आणि ऑगस्टऐवजी जानेवारी ठरते. उद्घाटनाला माजी आणि आजी दोन्ही येतात, वेगवेगळ्या वेळी. भाषणांत 'काळी आई' सात वेळा येते. नंतर फराळ.

विक्री सावकाश होते. डॉक्टर मंडळी वेटिंग रूमसाठी चित्रं बघतात. त्यांना माणसं नसलेलं शेत हवं असतं, पेशंटना शांत वाटावं म्हणून. बंगल्याचं काम चालू असलेल्यांना सोफ्याचा रंग जुळायला हवा. एका बाईंना चित्र आवडतं, पण त्या विचारतात, "यात नारळ घालून मिळेल का?" पिवळं टाकलेलं चित्र पहिल्या तासात जातं. समिती चित्रकारांकडं अर्थपूर्ण नजरेनं बघते.

दुपारी तात्या येतात, धुवट कपड्यांत, धाकट्याला घेऊन. आपल्या रानाचं चित्र शोधून त्यापुढं उभे राहतात. बांध उजवीकडंच आहे. चित्रकारानं मागं घेतलेलं नाही, आणि उजवीकडचा बांध म्हणजे तात्यांचं रान दोन हात रुंद. तात्यांना मोटर नसल्याचा विसर पडतो. ते किंमत विचारतात. चार हजार. देणगीची पावती मिळेल, असं कार्यकर्ता सांगतो. तेवढ्यात दारातून अण्णा आत येतात, चित्र बघतात, तात्यांना बघतात आणि कार्यकर्त्याला म्हणतात, "साडेचार."

तात्या पाच म्हणतात. अण्णा साडेपाच. नाट्यशिबिराची पोरं कडेनं उभी राहून बघायला लागतात. या जागेत एवढं चांगलं नाटक बऱ्याच दिवसांत झालेलं नसतं. सहा. साडेसहा. खजिनदार, जो तात्यांचा जावई आहे, कुणाच्याच बाजूनं बोलू शकत नाही आणि मनातल्या मनात बेरीज करतो. नऊ हजारांवर अण्णा थांबतात. चित्र तात्यांचं होतं. ते चित्रकाराला खाली सही करायला लावतात, सहीखाली तारीख आणि तारखेखाली गट नंबर. "फ्रेमच्या आत आलं पाहिजे, सर. झाकायचं न्हाई."

अण्णा जाता जाता कार्यकर्त्याला बाजूला घेतात. "याची रंगीत झेरॉक्स मिळंल का? वकिलांना द्यायची हाय."